जुनी व्यंगचित्रे, नव्या कोट्या : इंदिरानगरातील एका मित्रमंडळाच्या निमित्ताने

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर विद्यार्थ्यांना –
१. कोटी, श्लेष आणि विडंबन यांतील संबंध सांगता येईल.
२. मूळ व्यंगचित्राशी नाते राखणारी टवाळी आणि चित्राचा केवळ वापर करणारी टवाळी यांत फरक करता येईल.
३. मित्रांच्या वर्तुळातला विनोद वर्तुळाबाहेर गेल्यावर त्याचे काय होते, याचा उदाहरणांसह विचार करता येईल.

१. प्रस्तावना

मराठीत ‘कोटी’ या शब्दाचे दोन अर्थ नेहमीच्या वापरात आहेत. एक कोटी म्हणजे शंभर लाख. दुसरी कोटी म्हणजे शब्दाशी केलेला खेळ. बंगळुरूच्या इंदिरानगरात पहिल्या कोटीची चर्चा घरांच्या किमतींच्या निमित्ताने रोज चालते. आपल्याला विचार करायचा आहे तो दुसऱ्या कोटीचा.

इंदिरानगर आणि आसपास राहणाऱ्या काही मराठी कुटुंबांचा एक गट आहे. प्रस्तुत लेखक त्याचा सभासद आहे. सकाळी कोणीतरी एखादे जुने, नामवंत व्यंगचित्र मोबाइलवर पाठवतो. दुपारपर्यंत त्याच्याखालचा मूळ मजकूर पुसून तिसराच कोणी आपला मजकूर घालतो आणि संध्याकाळपर्यंत त्या मजकुरावर दहा कोट्या झालेल्या असतात. यात आदर वगैरे फारसा नसतो. गटातल्या एका ज्येष्ठ काकांनी एकदा स्पष्टच विचारले, “या थोर माणसांनी आयुष्य घालवून काढलेली चित्रे. त्यांची अशी टर उडवायची का?”

प्रश्न साधा आहे, पण समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. या टिपणाचे म्हणणे असे की, टवाळी हा दोष नाही. बेपर्वाई हा दोष आहे. चांगली टवाळी करणाऱ्याला मूळ चित्र नीट वाचावे लागते. वाईट टवाळी करणारा चित्राकडे पाहतच नाही. तो त्याची खुंटी करतो आणि तिच्यावर आपला सदरा टांगतो.

मराठीला ही गोष्ट नवी नाही. आचार्य अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’ या संग्रहात तत्कालीन कवितेचे विडंबन केले. मूळ कवितेची चाल, तिचे लाडके शब्द, तिचा नखरा हे सगळे त्यांना पाठ होते, म्हणूनच ते विडंबन जमले. व्यंगचित्रावरच्या टवाळीलाही हीच कसोटी लावून पाहू.

२. इंदिरानगरचा ‘गुंडा’ आणि तीन कोट्या

प्रारंभी एक चालते-बोलते व्यंगचित्र घेऊ. एप्रिल २०२१ मध्ये आयपीएलच्या हंगामात ‘क्रेड’ या कंपनीची जाहिरात आली. बंगळुरूच्या वाहतूक कोंडीत अडकलेला राहुल द्रविड संतापतो, ओरडतो, बॅटने शेजारच्या गाडीचा आरसा फोडतो आणि गाडीच्या छतातून वर येऊन आपण इंदिरानगरचा गुंडा असल्याची आरोळी हिंदीतून ठोकतो. व्यंगचित्रकार एखाद्या व्यक्तीचे नाक किंवा मिशी वाढवतो. इथे जाहिरातकाराने द्रविडचा शांतपणा उलटा केला. पण दोन्हींची अट एकच असते, ती म्हणजे मूळ माणूस प्रेक्षकाला माहीत असला पाहिजे. द्रविडचा संयम ज्याला ठाऊक नाही, त्याला ही जाहिरात म्हणजे फक्त एका चिडलेल्या माणसाचे दृश्य आहे.

द्रविडचा जन्म इंदूरचा, घर मराठी, वाढला बंगळुरूत. त्यामुळे आमच्या गटाला तर तो घरचाच वाटतो. त्या आठवड्यात गटात तीन कोट्या गाजल्या.

पहिली : “जॅमी जॅममध्ये.” द्रविडचे वडील जॅम बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होते, त्यावरून त्याला ‘जॅमी’ हे टोपणनाव पडले. ही ध्वनिसाम्याची कोटी आहे. ती पटकन सुचते आणि पटकन विरते. कारण द्रविड नुसता गाडीत गप्प बसलेला असता, तरी ती तेवढीच चालली असती. जाहिरातीचा प्राण असलेला संताप तिच्यात नाही.

दुसरी : “वाहतूक थांबली, पण भिंत चालली.” द्रविडचे बिरुद ‘द वॉल’, म्हणजे भिंत. वाघावर बसून भेटीला आलेल्या चांगदेवांना सामोरे जाण्यासाठी ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांनी भिंत चालवली, ही कथा मराठी मुलाला शाळेच्या आधी कळते. ज्येष्ठ काकांचा आक्षेप नेमका इथे आला : “माउलींना जाहिरातीत कशाला ओढता?” आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण ही कोटी हसते कोणाला, ते पाहा. ज्ञानेश्वरांना ती हसत नाही. बंगळुरूच्या रस्त्यावर पुढे सरकायचे तर आता चमत्कारच हवा, असे ती म्हणते. संताचा चमत्कार इथे मोजपट्टी झाला आहे, आणि त्या पट्टीने मोजले जात आहे ते शहर. विनोदात कोणाचे नाव आले यावरून त्याची पारख होत नाही. हसण्याचा रोख कुठे आहे यावरून होते.

तिसरी : “इंदिरानगरचा गुंड्याभाऊ.” वरवर पाहता ही सर्वांत सोपी कोटी. ‘गुंडा’ला ‘भाऊ’ जोडला, झाले. पण चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ आठवा. चिमणराव भिडस्त, पापभीरू, मध्यमवर्गीय. गुंड्याभाऊ अंगापिंडाने दणकट आणि हातघाईला मागे न हटणारा. मराठी विनोदातली ही जोडी दूरदर्शनवरही गाजली. तेव्हा कोटीचा खरा अर्थ असा : ज्याला आपण आजवर चिमणराव समजत होतो, त्याच्या आत गुंड्याभाऊ दडला होता. जाहिरातीची सगळी कल्पना या एका शब्दात आली. तीन कोट्यांत ही सर्वांत चांगली, कारण ती मूळ दृश्याचा अर्थ उलगडते आणि आपल्या भाषेतल्या जुन्या ओळखीला त्याच्याशी जोडते.

३. न बोलणारा माणूस

आता कागदावरच्या चित्रांकडे वळू. आर. के. लक्ष्मण यांचा जन्म १९२१ मध्ये म्हैसूरला झाला. त्यांची कारकीर्द मुंबईत घडली आणि २०१५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’मधील त्यांचे चौकटीचे व्यंगचित्र १९५१ मध्ये सुरू झाले. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा आणि टकलाभोवती उरलेले केस अशा रूपातला त्यांचा सामान्य माणूस आपल्या पूर्ण परिचयाचा आहे. त्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे तो बोलत नाही. मंत्री बोलतात, अधिकारी बोलतात, शेजारी बोलतात, हा पाहतो.

२०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरूत पाणीटंचाई झाली. टँकरची वाट पाहणे हा गटातल्या अनेकांचा दिनक्रम झाला. तेव्हा लक्ष्मण यांच्या एका जुन्या चित्राला दोघांनी दोन वेगवेगळे मजकूर दिले. चित्रात एक अधिकारी काहीतरी समजावून सांगतो आहे आणि सामान्य माणूस समोर उभा आहे.

पहिल्याने सामान्य माणसाच्या तोंडी अधिकाऱ्याला निरुत्तर करणारे झणझणीत उत्तर घातले. मजकूर चुरचुरीत होता, लोक हसलेही. पण चित्र मेले. हा माणूस उत्तर देऊ शकत असता, तर लक्ष्मण यांना त्याला इतकी वर्षे गप्प ठेवण्याची गरजच नव्हती. त्याचे गप्प राहणे म्हणजे मूर्खपणा नव्हे. बोलून उपयोग नाही हे ज्याला कळून चुकले आहे, अशा माणसाचे ते मौन आहे. त्याला बोलका केला की तो सामान्य माणूस राहत नाही, चमकदार संवाद फेकणारा नट होतो.

दुसरीने सामान्य माणसाला गप्पच ठेवले. तिने अधिकाऱ्याला बोलते केले : “काळजी करू नका. तुमच्या भागावर आम्ही पाणी सोडले आहे.”

ही कोटी तपासून पाहण्यासारखी आहे. ‘भागात पाणी सोडणे’ म्हणजे नळाला पाणी देणे आणि ‘भागावर पाणी सोडणे’ म्हणजे त्या भागाची आशाच सोडून देणे. विभक्तीचा एवढासा फरक, आणि आश्वासनाचा निकाल होऊन जातो. शब्द न तोडता त्याचे दोन अर्थ साधणाऱ्या श्लेषाला अभंग श्लेष म्हणतात; ‘पाणी सोडणे’ हे त्याचे चांगले उदाहरण. विशेष म्हणजे अधिकाऱ्याला आपण काय बोलून गेलो याचा पत्ता नाही. तो चित्रातल्या त्या गप्प माणसाला कळला आहे आणि आपल्याला. सामान्य माणूस आणि वाचक यांच्यातला हा न बोललेला करार लक्ष्मण यांच्या पद्धतीचा गाभा आहे. मजकूर बदलूनही तिने तो राखला.

एक सावधगिरी मात्र इथेच नोंदवली पाहिजे. चित्राच्या कोपऱ्यात लक्ष्मण यांची सही तशीच राहते आणि मजकूर आपला असतो. ओळखीच्या चार घरांत हे सर्वांना माहीत असते. तेच चित्र पाचव्या घरात पोचले की आपले वाक्य लक्ष्मण यांचे होऊन बसते. टवाळी क्षम्य आहे, खोटी सही नाही. ‘मजकूर आमचा’ एवढे दोन शब्द लिहिण्याची शिस्त म्हणूनच आवश्यक ठरते.

खुंटीचे उदाहरणही पाहू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ‘चिंटू’ ही चित्रमालिका १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाली. तिच्यातला विनोद पुष्कळदा मुलाच्या कानाचा आहे. मोठी माणसे वाक्प्रचार वापरतात आणि चिंटू तो शब्दशः घेतो. आमच्या गटात कोणीतरी चिंटू आणि पप्पूच्या तोंडी निवडणुकीची शेरेबाजी घातली. तिथे चिंटूच्या जागी दोन माकडे असती किंवा दोन खुर्च्या असत्या, तरी काही बिघडले नसते. चित्र बदलले तरी विनोद तसाच राहत असेल, तर त्या विनोदाला ते चित्र लागतच नव्हते. ही आपली पहिली कसोटी.

४. शब्द नसलेले चित्र आणि दोन भाषांची कोटी

शि. द. फडणीस यांचा जन्म १९२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी झाला. म्हणजे आमच्या गटाला प्रिय असलेले हे दोन्ही चित्रकार जन्माने आजच्या कर्नाटकातले. फडणीस यांची ‘हसरी गॅलरी’ बव्हंशी शब्दांवाचून बोलते. ‘मोहिनी’ मासिकासाठी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी केलेले एक मुखपृष्ठ प्रसिद्ध आहे. एक तरुण आणि एक तरुणी. एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी, तर दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. बाकी काही सांगावे लागत नाही.

अशा चित्राखाली मजकूर घालणे हा खरे तर आगाऊपणाच. आमच्या गटात तो केला आठवीतल्या एका मुलीने. ती घरी मराठी बोलते आणि खेळायला खाली गेली की कन्नड. तिने त्या चित्राखाली लिहिले : “बेक्कु बेकु?”

कन्नडमध्ये ‘बेक्कु’ म्हणजे मांजर आणि ‘बेकु’ म्हणजे पाहिजे. “मांजर पाहिजे?” एवढाच प्रश्न. पण तो चित्रातल्या दोघांपैकी उंदीरवाल्याला विचारला आहे असे समजून पुन्हा पाहा. आपल्याला खाणाऱ्यावरच मन जडले, ही त्या चित्रातली गंमत दोन शब्दांत आली. कन्नडमध्ये हे दोन शब्द केवळ स्वराच्या लांबीने आणि एका द्वित्ताने वेगळे होतात. तोच फरक इथे विनोदाला कामी आला.

गटातल्या मोठ्यांपैकी निम्म्यांना हे कळले नाही. बंगळुरूत पंधरा-वीस वर्षे राहूनही त्यांची कन्नड ‘बेकु’, ‘बेडा’, ‘साकु’च्या पुढे गेलेली नाही. त्यांना त्या मुलीने कोटी समजावून दिली. त्याच आठवड्यात तिने आजोबांना विचारले होते, “गुंड्याभाऊ कोण?” तेव्हा आजोबांनी तिला चिमणराव वाचून दाखवायला घेतले. एकीकडे आजोबा नातीला कोटी उलगडून सांगत होते, दुसरीकडे नात आजोबांना.

समीक्षक म्हणून या कोटीचा एक तोटाही सांगितला पाहिजे. फडणीस यांचे चित्र कोणत्याही भाषेच्या माणसाला खुले होते. मजकूर घातल्यावर ते दोन भाषा जाणणाऱ्यांपुरते उरले. चित्र लहान झाले. मग ही कोटी चांगली की वाईट? माझ्या मते चांगली, कारण ती चित्रात जे आहे त्यातूनच निघाली आहे. पण मूळ चित्राची जागा तिने घेऊ नये. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

परमुलखात वाढणाऱ्या मुलांची मराठी किती उरली, हे मोजायला लोक त्यांच्याकडून श्लोक म्हणवून घेतात. त्याने पाठांतर कळते. भाषा अंगात मुरली की नाही हे कळते ते कोटीवरून, कारण कोटी करायला शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच क्षणी जाणवावे लागतात. जी भाषा नुसती येते तिच्यात कोटी सुचत नाही. जी आपली असते तिच्यात सुचते. या मुलीला ती कन्नडमध्ये सुचली, चित्र मात्र तिने आजोबांच्या मराठी मासिकाचे घेतले. हे पाहून काकांची तक्रार थोडी मवाळ झाली. मूळ चित्राला तिने हात लावला, म्हणूनच ते तिच्या हाती आले.

५. वर्तुळाबाहेर

आतापर्यंतचा विनोद ओळखीच्या माणसांतला होता. तो बाहेर गेल्यावर काय होते, यासाठी २०१२ मधील दोन घटना अभ्यासाव्यात.

एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना अटक झाली. त्यांनी आपल्या गृहनिर्माण संस्थेतील लोकांना एक चित्र ई-मेलने पाठवले होते. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ या १९७४ च्या चित्रपटातील बालनायकाचे नाव मुकुल. त्या वेळी रेल्वेमंत्रिपदावर दिनेश त्रिवेदी यांच्या जागी आलेले मुकुल रॉय. विनोद सगळा या नावात होता. चित्रपटातला दुष्ट माणूस ‘व्हॅनिश’ झाल्याचा संवाद बंगाली प्रेक्षकाला तोंडपाठ, म्हणून तो लगेच कळणारा. पण तपास यंत्रणेने त्या एका शब्दात जिवावर उठण्याचा अर्थ वाचला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ त्यांना लावण्यात आले होते. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, तरी महापात्र यांची या प्रकरणातून पूर्ण सुटका व्हायला २०२३ साल उजाडले. कोटीत शब्दाचे दोन अर्थ असतात. सत्तेने तिसराच काढला.

दुसरी घटना मे २०१२ ची आणि अधिक अवघड. राज्यघटनेचे काम गोगलगायीच्या गतीने चालले आहे, असे दाखवणारे शंकर यांचे १९४९ चे व्यंगचित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात होते. गोगलगायीवर बसलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, मागे नेहरू आणि दोघांच्याही हातांत चाबूक. संसदेत तीव्र आक्षेप आला. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी सल्लागारपदाचा राजीनामा दिला. पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयावर हल्लाही झाला.

चाबूक गोगलगायीवर उगारलेला आहे, असे म्हणणाऱ्यांचे वाचन चित्राला धरून आहे. पण ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या खरा चाबूक पाहिला, त्याला आपल्या नेत्याच्या पाठीमागे उगारलेला चाबूक आधी दिसला, तर “तुम्हाला विनोद कळत नाही” हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. रोख तपासायचा तर तो पाहणाऱ्याच्या जागेवरूनही तपासावा लागतो. ही आपली दुसरी कसोटी, आणि ती लावताना समीक्षकाने थोडे नम्र असावे. त्याचबरोबर हेही म्हटले पाहिजे की मोडतोड ही समीक्षा नव्हे आणि चित्र पुस्तकातून काढून टाकल्याने या वादावर बोलण्याची संधी विद्यार्थ्यांकडून गेली.

६. सारांश

जुन्या व्यंगचित्रावर कोटी करताना तीन प्रश्न विचारावेत. ही कोटी याच चित्राला लागू आहे, की कुठेही चालली असती? हसण्याचा रोख कोणावर आहे, आणि ज्याच्यावर आहे त्याच्या जागेवरून ती कशी दिसते? मूळ कोणाचे आणि मजकूर कोणाचा, हे पाहणाऱ्याला कळते का? या तिन्हींतून जी उतरते ती टवाळी मूळ चित्राचा अवमान करत नाही, त्याला नवा वाचक मिळवून देते. इंदिरानगरात चिमणराव पुन्हा कपाटातून बाहेर आला तो जयंती किंवा पुण्यतिथी म्हणून नव्हे, एका वात्रट कोटीमुळे.

स्वाध्याय

१. ‘पाणी सोडणे’, ‘हात देणे’, ‘तोंड पाहणे’ यांपैकी एका वाक्प्रचारावर आधारित अभंग श्लेष रचा आणि त्याचे दोन्ही अर्थ स्पष्ट करा.
२. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाचे मौन व्यंगचित्राच्या परिणामाला कसे साहाय्य करते, ते सोदाहरण लिहा.
३. शब्दविरहित व्यंगचित्राखाली मजकूर घालणे योग्य आहे का? आपले मत कारणांसह मांडा.
४. उपक्रम : बंगळुरूतील विद्यार्थ्यांनी इंदिरानगरहून मेट्रोने एम. जी. रोडला उतरून तेथून जवळच असलेल्या इंडियन कार्टून गॅलरीला भेट द्यावी. तेथील एक चित्र निवडून त्यावर एक कोटी करावी आणि ती वरील तीन प्रश्नांवर तपासावी. कोटी नापास झाली, तर का झाली, हे लिहिणे अधिक गुणांचे समजावे.